बाद झालेला गडी

"हुतुतुतुतू..." आज दुपारी तो जुना आवाज कानात घुमला.

मित्रांनो, सत्तरच्या दशकात दर मे महिन्यात मी शाळेतल्या कविता गुणगुणत एसटीने साताऱ्याहून कडेगावला मामाकडे जायचो. मळ्यात हुतुतू रंगायचा. मी लगेच बाद होऊन रेषेबाहेर एकटा बसायचो. मग मामेभाऊ शिवा समोरचा गडी मारून ओरडायचा, "ऊठ रं, जिवंत झालास!"

यंदा नातवंडांसाठी आंबे पिकत घातलेत. सकाळी मुलाचा फोन आला, "बाबा, या वर्षी जमत नाही."

ही गेल्यापासून घर शांतच असतं. आज मात्र रेषेबाहेर बसल्यासारखं वाटलं. तुम्हालाही असं होतं का?

हे लिहीत असतानाच अंगणात काठी वाजली. उघड्या दारात शिवा! माझा चेहरा बघून म्हणाला, "काय रं गड्या, परत बाद? ऊठ, जिवंत झालास!"