चालायचं मामींनी, खायचं मामांनी

वजन कसं उतरवायचं हे साऱ्या डोंबिवलीत एकाच माणसाला कळलंय, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत होतं, आणि तो माणूस कोण हे ते कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकत. "जावईबापू, सोप्पं आहे हो. जेवढं खायचं तेवढं जाळायचं. पोट म्हणजे काय, टाकी!" ही टाकी शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावत असे. मामा राहतात कोपरला. रोज सकाळी मैदानात फेऱ्या मारायचे, आणि जाळलेलं वाया जाऊ नये म्हणून परतताना नाक्यावर गरमगरम बटाटेवडे खायचे. आमच्याकडे बाळकुमला यायचे ते रिक्षा अलीकडेच सोडून, चालत. आल्या आल्या भाचीला म्हणायचे, "अगं, दोन पुरणपोळ्या कमावून आलोय, वाढ!" तिसरी मागताना मात्र जरा लाजायचे. "ही उद्याच्या चालण्यातली." तो उद्या बहुतेक कुणाच्या तरी लग्नात जायचा.

मग त्यांच्या मुलाने वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ दिलं आणि माणूस पार हाताबाहेर गेला. चार दिवसांत गंमत म्हणून ते मामींच्या हाताला बांधून पाहिलं आणि मामांना शोध लागला, की आपण मैदानात चालतो त्याहून जास्त मामी घरातल्या घरात चालतात. झालं! घड्याळ मामींच्या मनगटावरच राहिलं. मामी कणीक मळायच्या, बाजार करायच्या, जिने चढायच्या, आणि संध्याकाळी मामा त्यांचा हात धरून आकडा बघायचे आणि श्रीखंडासाठी आपली वाटी पुढे करायचे. मी म्हटलं, "मामा, ही तर सरळ चोरी झाली." तर म्हणाले, "नवरा-बायकोत कसली आलीय चोरी?" मामी हसत हसत आणखी एक चमचा वाढायच्या.

एक दिवस मामांचा फोन आला. घड्याळ बिघडलंय म्हणे, आकडा रोज कमी कमी येतोय. दुकानात नेलं तर घड्याळ ठणठणीत. बिघडलं होतं ते मामींचं. पायांना सूज, चार पावलांत दम, आणि त्या बाईने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. मामांची किडनी जुळत होती, पण डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनाच्या माणसाची आम्ही घेणार नाही, आधी उतरवा.

त्या दिवशी घड्याळ मामांच्या हातात आलं. वडेवाला हाका मारायचा, मामा मान खाली घालून पुढे जायचे. घरी वाटीभर भाजी आणि कोरडी भाकरी. भुकेने चिडायचे, उगाच वस्सकन अंगावर यायचे. एकदा तर माझ्यासमोर रडले. "होत नाही हो जावईबापू माझ्याच्याने." आणि डोळे पुसून पुन्हा चालायला गेले. देवाशप्पथ सांगतो, त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

अखेर डॉक्टर हो म्हणाले. मामा घरी येऊन शाळेतल्या पोरासारखे ओरडले, "पास झालो!" मामींनी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि त्यांना हुंदका फुटला. "तुमचे गाल कुठे गेले हो?"

"तू आधी बरी हो. आणतो परत."

ऑपरेशन झालं, आता दोघंही बरी आहेत. संध्याकाळी बरोबर फिरायला जातात, हळूहळू. वजन वाढू द्यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे, म्हणून मामा आमच्याकडे अर्धीच पोळी घेतात आणि आम्ही वाढणारे उगाच त्यांच्या ताटाभोवती घुटमळतो. गाल काही परत आले नाहीत. मामी अजून वाट बघतात.