समुद्रकाठचा दुष्काळ

फुलांचा इतका नाद असलेला आणि फुलांच्या रंगावासाशी इतकं कमी देणंघेणं असलेला माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज अख्ख्या नागपुरात झाला नसेल. त्यांना हवे असायचे फक्त परागकण. मला पाहायला आले तेव्हा स्वयंपाक, शिवण, काहीसुद्धा विचारलं नाही. माझ्या वेणीतल्या अबोलीकडे टक लावून बसले आणि उठताना खिशातून रिकामी काड्यापेटी काढून म्हणाले, "एक फूल देतं का वं?" हा होकारच समजून आईनं पेढे वाटले. खरं म्हणजे त्यांच्या संग्रहात अबोली नव्हती, एवढंच.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून सासरे, म्हणजे आमचे बाबा, निवृत्त झाले होते आणि सदर भागातल्या आमच्या घराची मागची खोली त्यांनी समुद्राच्या चिखलाला देऊन टाकली होती. समुद्र नागपूरहून शेकडो मैल लांब. त्यांनी तो आयुष्यात दोनदा पाहिला असेल. पण कोकणाजवळच्या समुद्रतळाचा चिखल त्यांचा एक जुना विद्यार्थी डब्यांतून पाठवी, थरामागून थर. हजारो वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून नेलेले पराग त्यात अजून शाबूत असतात. चिखल अ‍ॅसिडमध्ये धुवायचा आणि ते मोजायचे. खाडीकाठच्या कांदळवनाचे कण जास्त निघाले तर त्या काळी पाऊसपाणी बरं होतं, गवताचे जास्त निघाले तर कोरडं. हे बाबा दूधवाल्यालाही समजावून सांगत. शेवटी तो बिचारा सकाळऐवजी दुपारी, बाबा झोपल्यावर दूध घालायला लागला.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते "गवत, गवत, कांदळ" म्हणत आणि मी, मॅट्रिक झालेली सून, वहीत रेघा ओढत असे. खालचे थर हिरवेगार निघाले होते. वर येऊ लागलो तसं गवत वाढत गेलं. शेवटच्या दोन वर्षांच्या वह्यांत तर जवळजवळ नुसतं गवतच. मोठा दुष्काळ सापडला म्हणून बाबांनी लेख लिहायला घेतला.

एकदा ते इतवारीच्या बाजारात गेले असताना मी सहज डोळा लावला. गवताच्या कणाला एकच भोक आणि कांदळाच्या कणावर तीन चिरा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. सकाळी ज्याला ते गवत म्हणाले होते, त्यावर मला तीन चिरा स्वच्छ दिसत होत्या. पुढच्यावरही. बाबांचा मोतीबिंदू वाढत गेला तसा समुद्रकाठचा पाऊस आटत गेला होता.

नवरा म्हणाला, सांगू नकोस, या वयात त्यांना दुसरं आहे काय. मी दोन दिवस गप्प राहिले. पण लेख पाकिटात घालायची वेळ आली तेव्हा राहवलं नाही. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

बाबांनी तीच काच पुन्हा लावायला सांगितली. पाहिलं, डोळे पुसून परत पाहिलं. "मले तर गोलच दिसून राहिलं," ते म्हणाले. मग, "दोन दिवस काहून थांबली वं?" मला रडू फुटलं. त्यांनी लाल पेन्सिल मागितली आणि दोन वर्षांच्या वह्यांवर, पानामागून पान, स्वतःच्या हातानं फुल्या मारल्या.

आजवर टाळलेलं डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी त्यानंतर करून घेतलं. पण जाड भिंगांच्या चष्म्यातून बारीक मोजणी काही जमेना, म्हणून तेच थर मी नव्यानं मोजू लागले. ते शेजारी आरामखुर्चीत बसून विचारत, "पाऊस हाये का वं?" मी "आहे बाबा" म्हटलं की समाधानानं मान हलवत. लेखातला दुष्काळ असा डब्यामागून डब्यात वाहून गेला, आणि त्यांनी लेख पुन्हा लिहिताना माझं नाव आपल्या नावाशेजारी घातलं.

एका थरात मात्र खरोखरच गवत निघालं. मी तीनदा मोजलं, तरी गवतच. निदान थोडा तरी दुष्काळ खरा ठरला म्हणून बाबांना बरं वाटेल, असं मला वाटलं. ते खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाले, "तवा लोक कसे राहिले असतील वं?"