एक दात मागं

मुरुडला माणिकमामांच्या गॅरेजात गाडीचं मागचं चाक जॅकवर चढलं की सगळ्यांनी तोंडं मिटायची. एकदा एक पुढारी निवडणुकीची हवा सांगत उभे होते. मामांनी ग्रीसनं माखलेलं बोट ओठांवर ठेवलं. "जरा दम धरा, सायेब. ड्रम बोलून राहिलाय." पुढारी चक्क गप्प झाले. आमच्या गावात हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

मी शिक्षिका. माझी जुनी व्हॅन रोज लातूरला जाते-येते आणि तिचे ब्रेक मामांकडेच असतात. नवे शू, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, बसवून त्यांवर चाकाचा ड्रम चढवला, की ते मागच्या बारीक भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आतली दातेरी चकती एक दात फिरवतात, चाकाला हातानं गरका देतात आणि ऐकतात. परत एक दात, परत गरका. दर दाताला शू ड्रमाच्या जवळ सरकतात. "बाई, शू ड्रमाला नुस्ता चाटून गेला पायजे. धरून बसला की जळाला."

गेल्या वर्षी मात्र ते चकती फिरवतच राहिले. दुसऱ्या दिवशी गाडी ओढेना. लातूरला पोचेपर्यंत जळका वास सुटला, मागचा ड्रम तव्यासारखा तापलेला. मी फोनवर तावातावानं सगळं सांगितलं. "हाव, हाव बाई," म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. माझं डोकंच फिरलं. ड्रम गार झाल्यावर थांबत थांबत परतले आणि तडक गॅरेजात शिरले.

मामांनी गाडी जॅकवर घेऊन चाक फिरवलं. खरखर मला दारातून ऐकू येत होती. ते कान लावून म्हणाले, "घासत तर न्हाई." मी मागून दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही, तेव्हा मला उमगलं. सगळा राग जागीच विरला. मी समोर जाऊन कानाला हात लावून दाखवला.

"सा म्हैने झाले," ते हळूच म्हणाले. "कानाचं मशीन बी घेतलं. त्यात समदंच वरडतंय. कुणाला बोलू नका, बाई. भैऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण लावंल?"

 दारात मेथी निवडत बसलेल्या त्यांच्या बायको, चंद्रकलामामी, उठून आल्या. त्यांनी मामांचा खांदा हलवला आणि एक बोट दाखवलं. "एक दात मागं." मामांनी चकती एक दात उलटी फिरवली, मामींनी गरका दिला. "अजून एक." आता बारीकशी सर्र ऐकू आली. "बास."

"तुला काय कळतंय?" मामा म्हणाले.

मामी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तीस वर्सं समद्यांना गप बसवलंत. म्या बी गप बसून ऐकलंच की."

 मामांनी गाडीत बसून ब्रेक चारदा दाबला आणि बाहेर येऊन मामींनाच चाक फिरवायला लावलं. तेवढ्यात दारात प्रवासी जीप येऊन थांबली. मागचे शू बदलायचे होते.

"आधी ऐक," मामा ड्रायव्हरला म्हणाले.  "मला ऐकू येत न्हाई. हात माझे, कान हिचे. पटलं तर लाव, न्हाई तर म्होरं दुसरं गॅरेज हाय."

ड्रायव्हरनं मामांकडं पाहिलं, मामींकडं पाहिलं, आणि इंजिन बंद करून चावी मामींच्या हातात दिली.