भोवतीच्या पेशी

माझे मोठे दीर कोर्टात पुकारा करतात. केस निघाली की दारात उभं राहून माणसाचं नाव घ्यायचं, एवढंच काम, पण आवाज असा की रजेवरचा वकीलही हजर व्हावा. घरात मात्र ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. मूल नाही म्हणून सासूबाई आणि आत्याबाई जाऊबाईंना येता-जाता टोचायच्या, तेव्हा दीर पेपरात डोकं खुपसून बसायचे.

परवा दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बाईंनी समजावलं होतं की अंडं वाढायला हार्मोन लागतं, ते अंडं स्वतः बनवत नाही, भोवतीच्या पेशी बनवतात, आणि जाऊबाईंच्या पेशी ते कमी बनवताहेत. दिरांना पेशी म्हणजे कोर्टातली सुनावणी, एवढंच ठाऊक. अंड्याची कसली सुनावणी, हे कोडं घेऊनच ते घरी आले.

त्यांनी चपला काढायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "मग दोष कुणात निघाला?"

आत्याबाई सरसावून बसल्या.

दिरांनी डोकं खाजवलं. मग सवयीने ताठ उभे राहिले आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "अंडं निर्दोष आहे. भोवतालचे आपलं काम नीट करत नाहीत."

शेजारचं दार उघडलं. सासूबाई आत्याबाईंकडे बघू लागल्या, आत्याबाई माझ्याकडे. जाऊबाईंनी तोंडावर हात धरला, तरी हसू आवरेना.

"काय गं, चुकलं का माझं?" दीर गोंधळून म्हणाले.

"नाही हो," जाऊबाई म्हणाल्या. "परत एकदा पुकारा."