उद्धवरावांचा तेहतिसावा दात

बेला गावचे उद्धवराव किराणा दुकान चालवतात, पण त्यांचा जीव सुपारीत. एक खांड डाव्या गालात ठेवून ते जेवतात, झोपतात, शोकसभेत भाषणही करतात. त्याच बाजूच्या खालच्या दोन दाढा याच भक्तीत खर्ची पडल्या. नव्या बसवायला बायको मालनबाई एकाच अटीवर तयार झाल्या : सुपारी बंद. उद्धवरावांनी शपथ घेतली. मालनबाईंनी अडकित्ता पेटीत घालून कुलूप ठोकलं.

आदिलाबादला डॉक्टर तेजस्विनीनं जबड्यात स्क्रू बसवले. ते हाडात मुरल्यावर माप घ्यायला बोलावलं. पूर्वी मापासाठी तोंडात लगदा कोंबत. आता नुसता स्कॅनर फिरतो आणि जबडा पडद्यावर उमटतो.

"केसाएवढीही चूक होत नाही याची," तेजस्विनी अभिमानानं म्हणाली. "काका, तोंडात काही नाही ना?"

"काईच नाई."

ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. तोंडात जीभ आहे का विचारलं असतं, तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

दाढा तयार होऊन आल्या, बसल्याही. पण गालाकडून चेपलेल्या, जणू शेजारच्या कुणाला जागा देऊन अंग चोरून उभ्या. तेजस्विनी हैराण.

"यंत्र चुकलं असन," उद्धवराव मोठ्या मनानं म्हणाले. "जाऊ द्या. मानूस चुकते, तं त्याचं काय!"

तेजस्विनीनं पडद्यावरचा जबडा मोठा केला. दाढांना खेटून एक जादा दात उभा होता! सोबत आलेल्या मालनबाईंनी चष्मा चढवला.

"अवं, ह्या दाताले कापल्याची रेघ काऊन हाय? अन् मधात हा उंचवटा? माह्या अडकित्त्याच्या पात्याले तेथीच खाच हाय!"

"डाक्टरीनबाई, अशी रेघ कोनाच्याबी दाताले असते ना?" उद्धवरावांनी आशेनं विचारलं.

"नाही, काका."

"पन कुलूप तं शाबूत होतं!" मालनबाई कडाडल्या.

"बिजागरी सैल होती," उद्धवराव बोलून गेले.

मालनबाईंनी हातमोजा मागून घेतला आणि लोणच्याची बरणी धुवावी तशी नवऱ्याच्या तोंडात बोटं फिरवली. आजचंही खांड निघालं. मग नवं माप झालं, पुढच्या खेपेला नव्या दाढा झकास बसल्या. तेजस्विनीनं सुटकेचा निःश्वास सोडला.

मालनबाई मात्र स्कॅनरकडेच बघत होत्या.

"डाक्टरीनबाई, हे मशीन भाड्यानं भेटते काय? दर बाजाराच्या दिवशी एक डाव फिरवलं तं पुरे."

उद्धवरावांनी कोऱ्या दाढांसकट तोंड मिटून घेतलं.