खुर्चीवरचा पांढरा टॉवेल

कल्पना करा, साहेब यायच्या आत त्यांच्या खुर्चीवर टॉवेल टाकायचं काम तुमच्याकडे आहे. पांढराच हवा. पाठीमागे चार बोटं खाली, दोन्ही कडा सारख्या, मध्ये एकही सुरकुती नको. साहेबांच्या पाठीला सुरकुती टोचते. फायलींतल्या चुका टोचत नाहीत.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या वर्षी तिथल्याच गुढियारी वस्तीतल्या शेवंताबाई या कामावर रोजंदारीने लागल्या. कार्यालयात कपाटं यायची होती, नळाला पाणी नव्हतं. टॉवेल मात्र पहिल्याच दिवशी आले. घामासाठी म्हणावं, तर खोलीत एसी होता. गोरा साहेब जाऊन पन्नास वर्षं झाली होती, त्याची हौस मात्र इथेच मुक्कामाला होती.

या खुर्चीतल्या निरंजनसाहेबांचे वडील रेल्वेत कारकून. इंग्रजासमोर उभं राहून त्यांचे पाय सुजायचे, हे साहेब स्वतःच अभिमानाने सांगत. आणि त्यांच्याच दाराबाहेर शेवंताबाई आठ तास उभ्या.

"साहेब, गुडघे लय दुखून राहिले. एक स्टूल द्या ना."

"ऑफिस आहे का गावची चौपाल? आज स्टूल, उद्या टॉवेल मागशील!"

असे तीन अर्ज परत आले. चौथ्या वेळी बाईंनी अर्ज केलाच नाही. सोमवारी खुर्ची उघडीच ठेवली.

"टॉवेल कुठे आहे?"

"हा काय, हातात. पण गुडघे वाकत नाहीत, साहेब."

रोजंदारीची बाई, एका शब्दात घरी गेली असती. पण बाहेर ठेकेदार ताटकळत होते, आणि टॉवेल स्वतः टाकायचा तर मग साहेब कसले? वीस मिनिटं ते खुर्चीसमोर उभे. नत्थू ड्रायव्हर दारातून म्हणाला, "बसा ना साहेब, चावत नाही ती." शेवटी साहेबांनी उभ्यानेच स्टुलाच्या जुन्या अर्जावर सही केली. मग खुर्चीवर टॉवेल पडला.

दुसऱ्या दिवशी स्टूल आलं. मी तिथे कॉम्प्युटर जोडत होतो. शेवंताबाईंनी पिशवीतून जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा काढला, स्टुलावर घातला, कडा सारख्या केल्या, चार बोटं मोजली. सुरकुती काढता काढता हात थांबला.

मला हसू आलं. त्यांना नाही.

"भैया, इंग्रजाले तं मी कधी पाह्यलंच नाही. मंग हे माह्या हातात कोणं घातलं?"