ओल्या हातांचं स्टिअरिंग

माझ्या तळहातांना घाम येतो. उन्हाळ्यात सगळ्यांनाच येतो तसा नव्हे. मला थंडीतही येतो, आणि कुणी बघतंय असं वाटलं की जास्तच. शाळेत पेपर लिहिताना मी हाताखाली रुमाल ठेवायची, तरी शाई फुटायचीच. पेटीच्या क्लासला घातलं, तर पट्ट्या ओल्या होतात म्हणून महिन्याभरात मीच सोडून आले. लग्नात मेंदी रंगली नाही, नुसती पिवळट उमटली. मेंदी रंगली नाही की सासूची माया मिळत नाही असं आमच्याकडे म्हणतात, आणि माझ्या आत्याने ते भर मांडवात मोठ्या आवाजात म्हणूनही दाखवलं.

त्यामुळे बदलापूरला सासरी आले ती हात लपवतच. सासूबाईंना पाण्याचा पेला द्यायचा तर ताटलीत ठेवून द्यायचा. पाया पडायच्या आधी पदराला हात पुसायचे. पोळ्या लाटताना त्या शेजारी बसल्या की पिठात जरा जास्तच हात घोळायचे. इतकी वर्षं हे सगळं मी इतक्या सफाईने केलं की घरात माझं गुपित फक्त नवऱ्याला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती. त्याच्यापासून लपवणार तरी कसं? सप्तपदीला त्याने माझा हात धरला, आणि मग हळूच आपल्या उपरण्याला पुसला. स्वतःचा नव्हे, माझा. माणूस मला तिथेच आवडला.

नव्वदच्या आगेमागे त्याने एक जुनी पांढरी गाडी घेतली. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होता, आणि तिथल्या एका साहेबांची बदली झाली म्हणून गाडी आमच्याकडे आली. तिसऱ्याच दिवशी एका कोंबडीला चुकवायला जाऊन त्याने ती गल्लीतल्या गटारात घातली. कोंबडी वाचली, पण त्याचा धीर मेला. पुढे तो गाडीत बसे तो कायम डाव्या बाजूला, आणि पाय असे रोवून की जणू ब्रेक तिकडेच आहे. मग गाडी मी शिकले. घरात कुणीतरी शिकायला हवंच होतं, आणि मला खरं सांगायचं तर पेटीचा वचपा काढायचा होता.

सासूबाई मूळच्या वांगणीच्या. शेत, घर, खळं सगळं तिकडे, आणि आता ते माझे दीर बघायचे. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि मग त्यांचे गुडघे असे धरले की स्टेशनचा जिना त्यांना चढवेना. दोन वर्षं त्यांनी आपलं खळं पाहिलं नव्हतं. भात झोडायचे दिवस आले की त्या ओट्यावर बसून वांगणीच्या दिशेने नुसत्या बघत राहायच्या. मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी बोलून गेले, "आई, या वर्षी खळ्यावर मी तुम्हाला गाडीतून नेते."

"तू नेशील गो?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं होतं. दूधवाल्यालासुद्धा.

आता शब्द दिला होता, पण गाडीचं मूळचं स्टिअरिंग होतं प्लास्टिकचं. माझ्या हातात ते साबणाच्या वडीसारखं फिरे. नवऱ्याने मला गाडी काढायला लावली आणि आम्ही हळूहळू उल्हासनगर गाठलं. तिथे सीटकव्हरं शिवून देणारे एक सिंधी शेठ होते. जाडजूड, कपाळाला चंदन, आणि आपल्या मालाचा भारी अभिमान. त्यांनी स्टिअरिंगच्या चाकावर तपकिरी चामडं चढवून मेणाच्या दोऱ्याने टाका टाका आवळून शिवलं. "असली लेदर है भाभीजी, रेक्झीन नहीं," ते म्हणाले, "पसीना पी जाएगा." मी नवऱ्याकडे रागाने पाहिलं. त्याने काही सांगितलं नव्हतं, शेठ सगळ्यांनाच तसं सांगायचे.

आणि ते चामडं खरंच घाम प्यायचं. जवळजवळ महिनाभर मी अशी गाडी चालवली की आयुष्यात पहिल्यांदा मला हात आहेत याचा आनंद झाला. सकाळी नवऱ्याला पहिल्या पाळीला सोडायचं, येताना भाजी आणायची, दारात गाडी लावताना हॉर्न वाजवायचा. त्या हॉर्नची खरं तर काही गरज नसायची.

दसऱ्याला सासूबाईंनी गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकू, स्टिअरिंगला झेंडूचा हार. त्यानंतर आठवड्याभरात स्टिअरिंग घसरायला लागलं. आधी थोडं, मग रोज जास्त. चामडं काळपट आणि चकचकीत दिसायला लागलं. मला कारण शोधायची गरजच वाटली नाही. इतका घाम प्यायल्यावर चामडं तरी काय करणार? ते भरलं, झालं. मी हाताला तुरटी लावली, टाल्कम पावडर लावली. पावडरीचा स्टिअरिंगवर राखाडी चिखल व्हायचा. नवऱ्याने कंपनीतून सुती हातमोजे आणले. ते घातल्यावर चाक हातातून आणखीनच सुटायचं, वर मी फवारणीला निघाल्यासारखी दिसायची ती वेगळीच.

याच दिवसांत घरातलं खोबरेल भसाभस संपायला लागलं. मी नवऱ्याला बोलले, "डोक्यावर मोजून चार केस, आणि बाटली पंधरा दिवसांत रिकामी?" तो बिचारा आरशात बघून आला. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मग एक दिवस एमआयडीसीच्या वळणावर व्हायचं ते झालं. समोरून पाळीच्या कामगारांनी भरलेल्या रिक्षा येत होत्या. मी चाक वळवलं आणि ते माझ्या दोन्ही हातांतून सटकून उलटं फिरलं. गाडी रस्ता सोडून खडीच्या ढिगावर चढली आणि बंद पडली. कुणाला काही लागलं नाही. एका रिक्षातून एक जण ओरडला, "ओ मॅडम, स्टिअरिंग पकडायला असतं!" सगळे हसले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्याबरोबर सासूबाई असत्या तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरी येऊन मी किल्ली खुंटीला अडकवली आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, खळ्यावर आपण रिक्षा करून जाऊ."

त्या "बरं" म्हणाल्या. एवढंच. पण खळ्यावर नेसायला म्हणून त्यांनी जे हिरवं लुगडं वर काढून ठेवलं होतं, ते दुपारी मी पुन्हा ट्रंकेत गेलेलं पाहिलं. तेवढी लांब, खड्ड्यांतून रिक्षा त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी मोरीत जाऊन रडले. रडताना डोळे पुसायला हात वर केले तर तेही ओलेच, मग आणखी रडले.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या शुक्रवारी चहा पिऊन नवऱ्याने खुंटीवरची किल्ली काढली आणि म्हणाला, "चल, त्या शेठकडे जाऊ."

"नेणार कोण?"

"मी."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो खरोखरच उजव्या बाजूला जाऊन बसला. कपाळाला घाम, ओठ घट्ट मिटलेले. गल्लीत कोंबड्या होत्या, त्या स्वतःहून बाजूला झाल्या. बदलापूरहून उल्हासनगरला आम्ही इतक्या हळू गेलो की एक सायकलवाला आमच्याशी गप्पा मारत बरोबर आला. अंबरनाथ मागे टाकल्यावर एका वळणावर नवऱ्याच्या हातातून चाक सुटलं. त्याने करकचून ब्रेक दाबला, आणि माझ्याकडे वळून लहान मुलासारखा ओरडला, "अगं, माझ्याही हातातून सुटतंय! आणि माझ्या हातांना तर घामच येत नाही!"

इतका आनंद त्याला पगारवाढ झाली तेव्हाही झाला नव्हता.

शेठनी स्टिअरिंगवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "भाभीजी, ये पसीना नहीं है. इसको खोपरे का तेल पिलाया है किसी ने. अरे, चमडा है कि चंपी का सिर?" मी म्हटलं, आमच्याकडे असलं कोण करेल. आणि ते वाक्य संपायच्या आत मला बाटली आठवली, भाजी निवडताना खाली घातलेली सासूबाईंची मान आठवली. शेठनी उपाय सांगितला. मुलतानी मातीचा लेप द्यायचा, वाळू द्यायचा, झटकायचा, पुन्हा द्यायचा. मग रिठ्याच्या फेसात फडकं पिळून पुसायचं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. परत तेल लावलंत तर माझ्याकडे येऊ नका, असंही ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर माझा राग कुकरच्या वाफेसारखा चढत गेला. मी तुरटी काय लावली, हातमोजे काय घातले, चार लोकांत हसं काय करून घेतलं! घरात पाऊल टाकलं ते तोंड सोडूनच.

"आई, स्टिअरिंगला तेल तुम्ही लावता?"

त्या ओट्यावर बसल्या होत्या. जरा घाबरल्या. "मीच लावला," त्या म्हणाल्या. "का गो, काय झाला?"

"काय झालं? त्यानेच तर घसरतंय! मला वाटलं माझ्या..." आणि मी थांबले, कारण पुढचा शब्द इतकी वर्षं त्यांच्यासमोर उच्चारला नव्हता.

तो त्यांनीच उच्चारला. "तुज्या हाताचा घाम खारा ना," त्या म्हणाल्या. "बैलाच्या घामानं गळ्यातलं चामड्याचं पट्टं तडकतात. तुजे सासरे रोज सांजचं करंजाचं तेल चोळीत त्यांना. मला वाटला, या चामड्याला पण भेगा पडतील. मंग लोका बोलतील, सुनंच्या हातानं खराब झाला. कोनी तुला बोलाया नको, म्हून सकाळी तू आंघोळीला गेलीस का लावायची. करंजेलाला घान मारते, तुज्या हाताला वास लागंल, म्हून खोबरेल घेतला."

"तुम्हाला माझ्या हातांचं माहीत होतं?"

"पयल्या दिवशीच. तू पाया पडलीस, तवा पाय ओलं झालं माजं."

मी तिथेच ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांच्या ताटल्या, पदर, पीठ सगळं डोळ्यांपुढून गेलं. ज्या बाईपासून मी हात लपवत होते, ती बाई रोज सकाळी वाटी घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीत चढून, माझी लाज झाकत होती. राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही. सासूबाईच म्हणाल्या, "म्हंजे माज्या पायीच तुजी गाडी घसरली गो," आणि त्यांचा चेहरा इतका उतरला की मी पटकन म्हटलं, "आता माझ्या बरोबरीने साफ करायचं, हीच तुमची शिक्षा."

दोन दिवस आम्ही दोघी त्या चाकामागे लागलो. गाडीची दोन्ही दारं उघडी, एकीकडे मी, एकीकडे त्या, मध्ये मुलतानी मातीची वाटी. "नवरीला हळद लावतात तशी लाव," त्या म्हणाल्या. पहिला लेप वाळला तो तेलाने काळपट झाला. तो झटकला, दुसरा दिला. टाक्यांच्या खाचांत त्या दातांच्या जुन्या ब्रशने अगदी निगुतीने माती भरत होत्या. शेवटचा लेप जसा लावला तसाच फिका उतरला, तेव्हा नवऱ्याला बोलावून दाखवला. रिठ्याने पुसून, वाळवून मी चाकावर हात ठेवले. चामडं पहिल्यासारखं, जरासं खरखरीत, हाताला धरून ठेवणारं. ट्रंकेतलं हिरवं लुगडं मीच वर काढलं.

वांगणीला निघालो तेव्हा नवरा मागे बसला होता आणि सासूबाई पुढे, माझ्या शेजारी. त्या वाटभर रस्त्याकडे नव्हे, माझ्या हातांकडे बघत होत्या. वळणं आली, खड्डे आले, चाक जिथे वळवलं तिथे वळलं. खळ्यापाशी गाडी लावली, तर दीर आणि गडी भात झोडायचे थांबून बघायला लागले. एवढे लोक बघतायत म्हटल्यावर माझे हात व्हायचे तसे झाले, पाणी पाणी.

मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. उतरायला त्यांना आधार हवा होता. मी सवयीने आधी पदराकडे हात नेला.

"पुसतंस कशाला?" त्या म्हणाल्या. "कोयता धरताना मानूस आदी हातावर थुकतो, बघितला नाय का? सुक्या हातातून निसटतो कोयता. दे इकडं."

त्यांनी माझा ओला हात घट्ट धरला आणि सगळा भार त्याच्यावर टाकून खाली उतरल्या. हात निसटला नाही. खळ्यापर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि मीही पुन्हा पदर शोधला नाही.